फायनान्ससाठी परदेशातली पदवी: सीमाभागातल्या मुलांनी विद्यापीठ निवडायचं कसं

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडे बारावीनंतर परदेशी जायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रँकिंगला कुठलं वर आहे?" फायनान्सच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गणित कुठलं घेतलंय, घरातून खरोखर किती पैसा उभा राहतो, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला तो देश किती मुदत देतो. या तिन्हींची उत्तरं समोर ठेवली की लांबलचक यादी दहा-बारा नावांवर येते. मग रँकिंग खुशाल बघा.

हा लेख एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षी हातात पडला तर उत्तम. पीयू दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर वाचणाऱ्यांना काही दारं बंद झालेली दिसतील, पण सगळी नाही.

पहिली पायरी: फायनान्समधलं काम कुठलं?

इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये (कंपन्यांना भांडवल उभं करून देणं, खरेदी-विक्रीचा सल्ला देणं) विद्यापीठाच्या नावाला खरंच वजन असतं, कारण मोठ्या बँका ठरावीक विद्यापीठांतूनच जास्त मुलं उचलतात. ऑडिट आणि अकाउंटिंगमध्ये नावापेक्षा पदवीला व्यावसायिक परीक्षेतली किती सूट मिळते ते महत्त्वाचं. एसीसीए या ब्रिटिश अकाउंटिंग परीक्षेच्या तेरा पेपरांपैकी जास्तीत जास्त नऊ पेपरांची सूट मिळू शकते. कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या कोर्सला किती, हे एसीसीएच्या संकेतस्थळावर तपासता येतं. विमा क्षेत्रातला अ‍ॅक्च्युअरी (जोखमीचा गणिती हिशेब मांडणारा) व्हायचं तर पदवी गणित-संख्याशास्त्राची असलेली बरी, आणि सूट कुठल्या विषयांना मिळते ते इथेही अर्जाआधी बघायचं.

ज्याला गणित मनापासून आवडतं त्याने "फायनान्स" नावाची पदवी घ्यायलाच हवी असं नाही. गणित, संख्याशास्त्र किंवा गणिताच्या अंगाने शिकवलेलं अर्थशास्त्र घेतलं तर क्वांट (गणिती मॉडेलवर गुंतवणुकीचे निर्णय घेणं), रिस्क, बँकिंग अशा सगळ्या वाटा खुल्या राहतात. नुसतं मॅनेजमेंट घेतलं तर क्वांटची वाट बंद होते. कंपन्या ताळेबंद वाचायला नोकरीत शिकवतात, कॅल्क्युलस शिकवत बसत नाहीत. सीएफएचा (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) विचार असेल तर पहिल्या पातळीची परीक्षा पदवी पूर्ण व्हायच्या २३ महिने आधीपासून देता येते. म्हणजे तीन वर्षांच्या कोर्सला साधारण दुसऱ्या वर्षापासून.

दुसरी पायरी: पीयूसीचं कॉम्बिनेशन

आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. "फायनान्स करायचंय ना, मग कॉमर्स घे" असं म्हणून एसएसएलसीनंतर मुलाला एसईबीए किंवा सीईबीएला घातलं जातं. पहिल्यात स्टॅटिस्टिक्स, दुसऱ्यात कॉम्प्युटर सायन्स, आणि दोन्हींत इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी. गणित नाही. बी.कॉम.साठी हे पुरतं. परदेशात मात्र अर्थशास्त्र आणि फायनान्सच्या चांगल्या कोर्सेसना बारावीचं गणित ही प्रवेशाची अट असते. अकाउंटन्सीचे ९८ गुण त्या जागी चालत नाहीत.

मग बेसिक मॅथ्स घेतलं तर? ते शून्यापेक्षा बरं, पण त्यावर विसंबून राहू नका. सीबीएसईचं अप्लाइड मॅथमॅटिक्ससुद्धा इंग्लंडमधली काही वरची विद्यापीठं गणित म्हणून धरत नाहीत. कर्नाटक बोर्डाच्या बेसिक मॅथ्सबद्दल तर पुष्कळ प्रवेश विभागांना माहितीच नसते. म्हणून पीयू पहिल्या वर्षातच अभ्यासक्रमाची पीडीएफ जोडून प्रवेश विभागाला ई-मेल करा. विचारायचं एवढंच, की हा विषय गणिताच्या अटीत बसतो का. लेखी उत्तर जपून ठेवा, अर्जाच्या वेळी उपयोगी पडतं.

सर्वात सुरक्षित रस्ता सायन्सचा, पूर्ण गणितासह. पीसीएमएस मिळालं तर फारच छान, कारण त्यात स्टॅटिस्टिक्सही येतं. सायन्समधून फायनान्सला जाताना अकाउंटन्सी नव्हती म्हणून सहसा कुणी अडवत नाही. उलट्या बाजूने मात्र गणित नसणारा अडतो.

गणित आधीच सुटलेलं असेल तर दोन मार्ग राहतात. बिझनेस मॅनेजमेंट किंवा अकाउंटिंगचे गणिताची अट नसलेले कोर्स बघायचे, नाहीतर पदवीआधी तयारीचा एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स करायचा. फाउंडेशनचं वर्ष म्हणजे एका जादा वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च. तो हिशेबात धरूनच निर्णय घ्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी पीयू पहिल्या वर्षाच्या सुट्टीत सुरू करावी. साधारण मागणी एकूण ६.५ ते ७ ची असते, पण ठेच लागते ती प्रत्येक भागातल्या किमान गुणांना. एकूण ७ आले आणि लेखनात ५.५, तर अर्ज तिथेच थांबतो. लेखनासाठी रोज एक परिच्छेद लिहून कुणाकडून तरी तपासून घेणं याला पर्याय नाही. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे फार लवकरही देऊ नका.

तिसरी पायरी: पैशाचा हिशेब, कागदावर

इंग्लंडचं उदाहरण घेऊ, लंडनबाहेरचं. फी वर्षाला २५,००० पौंड धरली तर तीन वर्षांची ७५,०००. राहणं-खाणं काटकसरीने वर्षाला १२,०००, म्हणजे ३६,०००. व्हिसा शुल्क आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार मिळून साधारण ३,२००. बेरीज १,१४,२०० पौंड. पौंड १२० रुपयांचा धरला तर १ कोटी ३७ लाख, विमानाचं भाडं वेगळं. यावर रुपयाची घसरण आणि दरवर्षीची फीवाढ म्हणून थोडी रक्कम बाजूला ठेवायची. फी कोर्स संपेपर्यंत तीच राहणार की वाढणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचा.

आता परतफेड. साडेदहा टक्के दराने पंधरा वर्षांसाठी ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ५५,३०० रुपये येतो, एक कोटीचा १,१०,५००. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात मिसळतं आणि हप्ता आणखी चढतो. इंग्लंडमध्ये नव्या पदवीधराला कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसावर ठेवायचं तर २०२५ च्या जुलैपासून किमान पगार वर्षाला ३३,४०० पौंड लागतो. कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता महिन्याला २,३०० पौंडांच्या आसपास हातात येतात. पन्नास लाखांचा हप्ता त्यातले ४६० पौंड खातो, ते ओढून-ताणून जमतं. एक कोटीचा हप्ता ९२० पौंड, आणि घरभाडं दिल्यावर तो झेपत नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत: पदवीसाठी ५०-६० लाखांच्या वर कर्ज काढायची वेळ येत असेल तर विद्यापीठ किंवा देश बदला. घर गहाण ठेवून केलेली हौस मुलाच्या उमेदीची दहा वर्षं खाते.

तारणाचं काय? सीमाभागातल्या बहुतेक घरांत संपत्ती म्हणजे उसाची शेती, आणि शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. चालतो तो बिगरशेती प्लॉट, घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ए लागतो, शहरात तसाच ई-खाता. सब-रजिस्ट्रारकडचा ईसी (मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला) लागतो आणि बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांची मालकीची साखळी तपासतो. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा, मग वाटणीपत्र, मग खातेबदल. यात सहज सहा-आठ महिने जातात, आणि एखाद्या आत्याची सही राहिली तर त्याहून जास्त. ऑफर आल्यावर हे काम काढलं तर फी भरायची तारीख निघून जाते. मुलगा-मुलगी पीयू पहिल्या वर्षात असतानाच कागद काढायला घ्या.

वडिलांचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल तर तीन वर्षं आधीपासून आयकर विवरण भरायला लागा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणात दाखवता येतं. सहकर्जदाराचं विवरणच नाही म्हटल्यावर बँक मॅनेजरचेही हात बांधलेले असतात.

व्हिसासाठी दाखवायच्या पैशाचे नियम आणखी कडक आहेत. इंग्लंडला पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिन्याला १,५२९ आणि बाहेर १,१७१ पौंड, नऊ महिन्यांपर्यंत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खातं मुलाचं किंवा आई-वडिलांचंच हवं. एकत्र कुटुंबात पैसा काकांच्या खात्यात असतो आणि घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नाही, पण व्हिसा अधिकाऱ्याला ते चालत नाही. पतसंस्थेतल्या किंवा सोसायटीतल्या ठेवीही मुदत बघून आधीच राष्ट्रीयीकृत बँकेत आणून ठेवा.

फी बाहेर पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही, पतसंस्थेच्या कर्जाला मात्र ही सवलत नाही. कापलेला टीसीएस विवरण भरून परत मिळतो, पण तोपर्यंत तेवढी रोकड अडकते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत.

शिष्यवृत्तीबाबत एक गैरसमज आपल्या भागात फार आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, जे. एन. टाटा एंडोमेंट ही सगळी नावं आपण ऐकलेली असतात, पण ती पदव्युत्तर किंवा पीएच.डी.साठी आहेत. पदवीसाठी मुख्य आधार विद्यापीठाच्या स्वतःच्या मदतीचा. अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि गरजेइतकी मदत करतात. प्रवेश अतिशय अवघड, पण गरीब घरातल्या हुशार मुलाने केवळ फीचा आकडा बघून ही नावं खोडू नयेत.

चौथी पायरी: देश

इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. पदवीनंतर राहून नोकरी करायचा व्हिसा, म्हणजे ग्रॅज्युएट रूट, दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचा. आज पीयूत असलेल्या प्रत्येकाने १८ महिनेच धरावेत. कंपनीकडे प्रायोजक परवाना (परदेशी माणसाला व्हिसावर कामाला ठेवायचा) आहे का, हे ब्रिटिश गृहखात्याच्या जाहीर यादीत नाव टाकून बघता येतं. वर्षभर प्लेसमेंट (कंपनीत प्रत्यक्ष काम) असलेला चार वर्षांचा कोर्स मिळाला तर तो घ्या. महाग पडतो, पण नोकरीच्या दृष्टीने फरक मोठा आहे.

अमेरिकेत लक्ष द्यायचं ते कोर्सच्या सहा आकडी कोडाकडे. पदवीनंतर ओपीटी या परवानगीखाली १२ महिने काम करता येतं. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. साध्या फायनान्सचा कोड ५२.०८०१ आहे आणि तो या यादीत नाही. इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवर आधारलेलं अर्थशास्त्र) आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ आणि फायनान्शियल मॅथमॅटिक्सचा २७.०३०५ हे दोन्ही यादीत आहेत. एकाच विद्यापीठात शेजारशेजारच्या दोन विभागांत हा फरक सापडतो आणि नोकरीची मुदत एकाच्या जागी तीन वर्षं होते. हा कोड आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र) छापलेला असतो, पण अर्जाआधी विभागाला विचारून घ्या. दुसरी बाब, बिझनेस स्कूलमध्ये थेट प्रवेश मिळतोय की आधी विद्यापीठात घेऊन एक-दोन वर्षांनी गुणांवर निवड होणार आहे? दुसरा प्रकार असेल तर निवड न झालेल्यांचं काय होतं, ते लेखी विचारा. ओपीटीनंतरच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची निवड सोडतीने होते, तेव्हा त्यावर कर्जाचा हिशेब बांधू नका.

कॅनडात विद्यापीठाच्या पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत वर्क परमिट मिळतं. वॉटर्लूसारख्या ठिकाणी को-ऑपमध्ये शिकतानाच पगारी काम होतं. ऑस्ट्रेलियात पदवीनंतर साधारण दोन वर्षं मिळतात, पण विद्यार्थी व्हिसाचं शुल्क जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झालं आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही. हाँगकाँग आपल्याकडे कुणाच्या यादीतच नसतं, हे बरोबर नाही. फायनान्सचं मोठं केंद्र, विमान काही तासांचं, आणि पदवीधरांना २४ महिने राहायची मुभा. सिंगापूरची ट्यूशन ग्रँट (फीसाठी सरकारी मदत) घेतली तर तिथेच तीन वर्षं नोकरी करण्याचा करार असतो. आपल्या दृष्टीने ही अट गैरसोयीची नाही.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी बहुतांशी नाही, हे खरं. पण भारतीय बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. श्टुडिएनकोलेग या तयारीच्या कॉलेजचं एक वर्ष (अर्थशास्त्रासाठी डब्ल्यू-कुर्स) किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष उत्तीर्ण व्हावं लागतं. शिवाय एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रांच्या पडताळणीचं), ११,९०४ युरोचं ब्लॉक खातं (राहण्याचा खर्च आधीच अडकवून ठेवायचा), आणि बहुतेक कोर्स जर्मन भाषेत. जर्मन शिकायची तयारी असेल तरच हा मार्ग.

पैसा अगदीच पुरत नसेल तर गुरुग्रामच्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये २०२५ पासून अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी सुरू आहे. पदवी तीच, राहण्याचा खर्च इथला. इंग्लंडमधला नोकरीचा व्हिसा मात्र त्यातून मिळत नाही.

पाचवी पायरी: कोर्सचं पान वाचणं

प्रत्येक कोर्सच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय काढा. त्यात इकॉनॉमेट्रिक्स, संख्याशास्त्र, कॉर्पोरेट फायनान्स, थोडं प्रोग्रॅमिंग दिसलं पाहिजे. नेतृत्व, नावीन्य, संवादकौशल्य यांचाच भरणा असेल तर सोडून द्या. मग लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावरचं माजी विद्यार्थ्यांचं सदर उघडा, विषय फायनान्स निवडा, आणि भारतातून बारावी करून गेलेले लोक आज कुठे आहेत ते बघा. एमबीएवाले वगळायचे, नाहीतर चित्र खोटं दिसतं. इंग्लंडच्या कोर्ससाठी डिस्कव्हर युनी या संकेतस्थळावर पदवीधरांच्या नोकऱ्या आणि पगार सापडतात, पण त्या आकड्यांत स्थानिक मुलंच जास्त असतात हे ध्यानात ठेवा.

परत येऊन सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण घ्यायचं मनात असेल तर यूजीसीचे २०२५ चे समकक्षतेचे नियम बघा. फ्रँचायझी पद्धतीने (विद्यापीठाच्या नावाखाली दुसऱ्याच संस्थेने शिकवून) दिलेली पदवी त्यात बसत नाही.

सहावी पायरी: अर्ज आणि पीयू कॉलेज

इंग्लंडचा अर्ज यूकासवर, एकाच अर्जात पाच पर्याय. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच, आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबर. बाकीच्यांची जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंटच्या जागी तीन प्रश्न आले आहेत, मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५०. अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅपवर वीसपर्यंत कॉलेजं चालतात. लवकरच्या फेरीची मुदत बहुधा १ नोव्हेंबर.

अडचण इथल्या कॉलेजात येते. परदेशी विद्यापीठ "अंदाजित गुण" आणि शिक्षकाचं शिफारसपत्र मागतं, आणि आपल्या पीयू कॉलेजांना असं पत्र द्यायची सवय नसते. प्राचार्य नाही म्हणत नाहीत, फक्त काय लिहायचं ते त्यांना ठाऊक नसतं. तुम्हीच मसुदा घेऊन जा: कॉलेजचं लेटरहेड, विषयवार पहिल्या वर्षाचे गुण, सहामाहीचे गुण, त्यावरून दुसऱ्या वर्षाचे अपेक्षित गुण, प्राचार्यांची सही, शिक्का, आणि कॉलेजचा अधिकृत ई-मेल. प्राचार्यांचा खासगी जीमेल पत्ता दिला तर विद्यापीठ शंका घेतं. अमेरिकेसाठी नववीपासूनचे गुण लागतात, त्यामुळे हायस्कूलमधून नववीचं मार्क्स कार्ड आताच काढून ठेवा.

राज्य बोर्डाला विद्यापीठं सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागू शकतात, आणि काही ठिकाणी जोडीला सॅट ही प्रवेशपरीक्षा. पीयूच्या परीक्षा २ मध्ये (दुसऱ्या संधीत) गुण सुधारता येतात म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच बैठकीतले गुण हवेत अशी अटही असू शकते.

नावाचा घोळ आधीच मिटवा. एसएसएलसीच्या कार्डावर नुसती आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. आडनाव मोकळं असलं की अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" (पहिलं नाव अज्ञात) छापून येतं आणि पुढे बँक खात्यापासून त्रास होतो. एसएसएलसीचं कार्ड प्रमाण धरून बाकी सगळं त्याप्रमाणे करा.

एजंट घ्यायचाच असेल तर त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं हे लक्षात ठेवून बोला. जी विद्यापीठं कमिशन देत नाहीत ती त्याच्या यादीत दिसणार नाहीत. त्याचं नाव विद्यापीठाच्या अधिकृत प्रतिनिधींच्या यादीत आहे का बघा, यूकासचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि फी नेहमी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा.

सातवी पायरी: निघण्याआधीचा ऑगस्ट

लंडनच्या बँका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी स्प्रिंग वीक (बँकेच्या कामाची थोड्या दिवसांची ओळख) ठेवतात. त्याचे अर्ज सप्टेंबरच्या सुमाराला उघडतात आणि काही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच बंद होतात. तिथून दुसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप, आणि इंटर्नशिपमधून नोकरी. आपली मुलं सप्टेंबरात पोहोचतात आणि खोली, बँक खातं, थंडी यांत दोन महिने जातात. तोवर पहिली संधी हुकलेली असते. म्हणून एका पानाचा सीव्ही इथूनच तयार करून न्या, दहा बँकांच्या तारखा लिहून ठेवा, आणि ऑनलाइन गणिती व तर्काच्या चाचण्यांचा सराव ऑगस्टमध्ये घरी बसूनच उरका. सीव्हीत पीयूसीचे टक्के लिहा, घरच्या दुकानाचा किंवा ऊसबिलांचा हिशेब ठेवला असेल तर तोही आकड्यांसह लिहा. तो कामाचा अनुभवच आहे.